यंत्राला आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशीची, उन्हं कलतानाची वेळ, आणि बैलाच्या खांद्यावर चोळलेल्या हळद-लोण्याचा तो कोमट, किंचित आंबूस गंध! देवणीच्या माझ्या माहेरी या गंधाला अजूनही एक अधिकार आहे. अंगणात तो दरवळला की घरातली बोलणी आपसूक हळू होतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला खांदा माझा थोरला भाऊ अण्णा तळव्यानं मळत राहतो आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." आता शेतातली कामं ट्रॅक्टर करतो, दावणीला पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला एकटा शेवऱ्या उरला आहे, पण खांदेमळण कधी चुकलेली नाही. गेल्या पोळ्यापासून मात्र हा गंध आला की मला एक जपानी लोखंडी महाकाय आठवतो, आणि त्याला कारण माझी लेक शिवलीला.

हसू नका. लीला लातूरच्या कॉलेजात शिकते आणि फोनवरून शिकलेल्या जपानीच्या बळावर तीन वर्षं एका जपानी चित्रकथेच्या खेळाचं मराठी करत होती. खेळ म्हणायचा, पण खेळायचं थोडं आणि वाचायचं फार. पडद्यावर चित्रं येतात, माणसं बोलतात, मधूनच तुम्हाला विचारलं जातं की आता काय करायचं, आणि तुमच्या उत्तरागणिक कथा निराळ्या जगात वळते. तिथं मनोऱ्याएवढी यंत्रं आहेत आणि यंत्राच्या छातीत बसून माणूस लढतो. एका जगात जो रणात पडला, तो दुसऱ्या जगात निवांत चहा पीत असतो. आधी मला हा पोरखेळच वाटला. मग वाटलं, यात नवल ते काय? बी.एड.चा अर्ज भरायच्या दिवशी देवणीहून माझी एसटी चुकली असती, तर आज मीही शेवऱ्यापुढं वैरण टाकत असते! न जगलेल्या किती आयुष्यांच्या शेजारी आपण राहत असतो, आणि कधी त्यांची विचारपूसही करत नाही.

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. खेळ रचणारी ती जपानी मंडळी मोजकीच. त्यांना पत्र लिहून परवानगी लीलानंच मिळवली होती. पोळा झाला की मजकूर त्यांच्याकडं जायचा होता, म्हणून तिनं छापील पानं माझ्यापुढं ठेवली आणि मी लाल पेन उघडलं. कथेत शेवटच्या लढाईच्या आदल्या संध्याकाळी एक प्रौढ सैनिक बाई आपल्या यंत्राच्या रंग उडालेल्या खांद्याला तेल लावते आणि पाहुण्याला बोलवावं तसं त्याला काही बोलते. लीलानं लिहिलं होतं, "लई दमलात. आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." मी ते खोडून वर लिहिलं, "तू अतिशय थकला आहेस. उद्या विजयी होऊन परत ये." पोरांच्या वह्यांतला 'लई' खोडण्यात ज्याचा जन्म गेला, तो हा हात! पुढं एका पानावर ती बाई यंत्राच्या पायाशी ताट ठेवते अशी ओळ होती. यंत्रापुढं ताट कशाला? तीही मी छाटली.

लीलाचा चेहरा उतरला. "आई, देवणीला अण्णामामापुढं तू कशी बोलतीस?" एवढंच तिनं विचारलं. मला राग आला, कारण उत्तर मला ठाऊक होतं. तीन वर्षांची तिची मेहनत कोणत्या भाषेत जगापुढं जाणार, यावर आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी ठरलं, अण्णा सांगेल ते खरं.

खांदेमळणीच्या वेळी अंगणात उभं राहून तिनं मामाला त्या बाईची आणि यंत्राची कथा थोडक्यात सांगितली आणि आधी माझं वाक्य वाचलं. "चांगलं हाय," अण्णा म्हणाला, शाळेच्या गॅदरिंगमधलं भाषण ऐकून म्हणतो तसं. मग तिनं स्वतःचं वाचलं. शेवऱ्याच्या खांद्यावरचा त्याचा हात थांबला.

"मंग दुसऱ्या दिवशी जेवाया आलं का न्हाई ते?"

"एका जगात न्हाई आलं मामा, लढाईत पडलं. दुसऱ्या जगात आलं."

"तिथं ताट वाढलं का त्याला? आवतण दिऊन उपाशी ठिवत नसतेत."

लीला पानं चाळू लागली. ते ताट कुठं आहे हे तिच्याआधी मला उमगलं. ते माझ्या लाल रेघेखाली होतं. तिलाही त्या ओळीचा अर्थ कधी लागला नव्हता, पण मुळात आहे म्हणून तिनं ती निष्ठेनं जपली होती, आणि मी, भाषेची बाई, ती टाकून मोकळी झाले होते. "वाढलं की मामा," ती हळूच म्हणाली आणि दोन्ही पानं माझ्या हाती दिली.

मला लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी अधिक अभिमान वाटला. कुठल्या समुद्रापलीकडच्या कुणा लेखकाचं मन माझ्या लेकीनं देवणीच्या गोठ्यातल्या शब्दात बरोबर ओळखलं होतं! पर्समधून लाल पेन काढून मी दोन्ही खोडलेल्या ओळींखाली, खोडलेलं परत ठेवायची खूण म्हणून, टिंबं दिली आणि लिहिलं, कायम. अण्णानं ताटाचं पान बघायला घेतलं, त्याच्या अंगठ्याची हळद कडेला लागली.

मजकूर गेला, खेळ आला, आता उमरीपासून उदगीरपर्यंतची पोरं तो वाचतात. ते पान माझ्या कपाटात आहे. उघडलं की अजून हळद-लोण्याचा वास येतो, आणि त्या पिवळ्या ठशाशेजारी, समासात, माझ्याच लाल अक्षरातला शेरा दिसतो: लई चांगलं.