पुसलेला नाला

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमची पलटण जयपूरला होती. मी हवालदार. सँड मॉडेल करण्याचं काम माझ्याकडे होतं. ज्या मुलखात जायचं तो आधी वाळूत उभा करायचा, जवानांनी भोवती बसायचं, साहेबांनी काठीने वाट दाखवायची, अशी लष्करातली पद्धत. वाळूला जयपुरात तोटा नव्हता. नदीसाठी कपड्याची नीळ, झाडीसाठी रंगवलेला भुसा आणि डोंगराच्या धारेवर पांढरी लोकर. धारेच्या अलीकडचं पाणी या नदीला, पलीकडचं दुसरीला.

मग माझ्या मदतीला नाईक धोंडिराम कदम आला. जावळीकडचा. त्याचं पहिलंच मॉडेल बघायला कर्नलसाहेब खाली वाकले. म्हणाले, "इसमें तो पानी बह रहा है." माझ्या मॉडेलवर साहेब कधी वाकले नव्हते.

लंगरमध्ये जेवताना जवान म्हणू लागले, "उस्ताद, आता तुम्ही फक्त वाळू चाळा. नदी कदम काढेल." मी हसायचो. रविवारी कदमची बायको, सुमनवहिनी, मला क्वार्टरवर जेवायला बोलवायच्या. "भावजी, पाणी कुठून येतं ते ह्यांना झोपेतसुद्धा कळतं." तिथली भाकरी मला गोड लागेनाशी झाली.

उन्हाळ्यात आमची प्लाटून डोंगरी सरावासाठी उत्तरेला निघणार होती. कदमने तिथल्या नदीचं खोरं मांडलं. डावीकडचा एक नाला त्याने थेट धारेच्या पलीकडून आणला होता. नकाशात तो नव्हता. हवाई फोटो बघून त्याने ताडलं होतं की धार तिथे खिंडीत तुटते, मागे बर्फाचं मोठं पठार आहे आणि त्याचं सगळं पाणी इकडे उतरतं.

साहेब पुन्हा वाकणार, हे मला दिसलं. कदम चहाला गेला होता. मी नाला तळहाताने पुसला आणि लोकर सरळ ओढली.

ब्रीफिंगमध्ये कदमने मॉडेल पाहिलं. साहेबांसमोर तो आपल्या हवालदाराला खोटं पाडणार नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाला, "उस्ताद, नाला कुठं गेला?"

"नकाशात नाही."

"फोटोत हाय की."

"हवालदार कोण?"

"तुमी."

डोंगरात एका दुपारी आमचा सेक्शन त्या संगमापाशी पोचला. लेफ्टनंटसाहेब मागच्या सेक्शनबरोबर होते. नाल्याचं पात्र रुंद, वाळूचं. मधून घोट्याएवढं पाणी. जयपूरजवळ कानोत्याकडे सरावाला गेलो की आम्ही कोरड्या नदीतच तंबू ठोकायचो. जागा सपाट असते, खुंटी सहज जाते. त्याच सवयीने मी हॉल्ट दिला.

कदम जवळ आला. जवानांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला. "इथं नको. उन्हानं बर्फाचं पानी उतरंल."

"मॉडेल बघितलंस ना?"

"बघितलं. पुसलेलं बी बघितलं."

तो वरच्या खडकावर जाऊन नाल्याकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही तंबूंच्या गुंडाळ्या सोडत होतो तेवढ्यात त्याची हाक आली. "वर! सामान सोडा, वर!" सगळे चढले. वायरलेस सेट पाठीवर असलेला सिग्नलमन मागे पडला, तंबूच्या दोरात अडकला. कदम उतरला, त्याला वर ढकललं. तेवढ्यात पाणी आलं.

सिग्नलमनच्या पाठीवरचा सेट चालू होता. मी बोललो, "रिव्हर अप. वन मिसिंग. ओव्हर."

"से नेम. ओव्हर."

मी नाव सांगितलं. तो सापडला नाही.

चौकशीत विचारलं, "मॉडेलवर हा नाला होता?"

"नाही, सर."

"मॉडेल कुणी केलं?"

"नाईक कदमने, सर."

दोन्ही उत्तरं खरी होती. पलटणीत म्हणू लागले, कदमचा नाला चुकला आणि त्यालाच घेऊन गेला. मी ऐकून घेतलं. मॉडेलचं काम पुन्हा माझ्याकडे आलं.

क्वार्टर रिकामं करताना वहिनींनी ट्रंकेला कुलूप लावलं आणि विचारलं, "भावजी, ह्यांच्याकडून नाला सुटला कसा?"

"माणूसच तो, वहिनी."

पेन्शनीनंतर मी जयपुरातच, खातीपुऱ्यात राहिलो. वहिनी गावी आहेत, त्यांना आता दिसत नाही. कुणीतरी त्यांना एवढं वाचून दाखवावं. वहिनी, ह्यांच्याकडून काही सुटलं नव्हतं. नाईक धोंडिराम कदम यांनी तो नाला काढला होता. डावीकडून, खिंडीतून, थेट बर्फापर्यंत. बरोबर होता.