टॅक्सीचे टायर

आमच्या क्वार्टरसमोर उभी असायची ती गाडी मूळची एका फौजी साहेबाची. दोन दारं, कापडी टप, आणि इतकी बुटकी की आत बसताना आधी डोकं घालावं की पाय हेच कळू नये. साहेबाची बदली झाली तेव्हा ती कोणी घेईना, म्हणून यांनी घेतली. हे म्हणजे माझे यजमान. तोफांच्या फॅक्टरीत सुटे भाग तपासणाऱ्या खात्यात इन्स्पेक्टर होते. ऐन उमेदीत ही गाडी ताशी ऐंशी मैल पळायची, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा मात्र ती रविवारी धुतली जायची, वस्तीला दोन चकरा मारायची आणि परत जागेवर. त्याच चकरांमध्ये त्यांनी मला चालवायला शिकवलं. त्या काळी आमच्या वस्तीत दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने ते केलं नसतं.

बांगलादेशच्या लढाईची चाहूल लागली आणि फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला. रजा बंद झाल्या. नेमकी तेव्हाच मला वीस मैलांवरच्या पाटन गावी मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. नोकरी कच्ची होती. दिवाळीच्या सुटीनंतर रोज पहिल्या घंटेला हजर राहिले तरच टिकणार होती, कारण त्या जागेसाठी दुसरी बाई टपूनच बसली होती. पाटनच्या बसचं त्या दिवसांत काही खरं नव्हतं. गाडी दारात होती, पण तिचे चारही टायर गुळगुळीत झाले होते आणि दोन टायरांमधून तर आतलं कापड दिसत होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मी टायरचा विषय काढला आणि आमच्या घरात तपासणी खातं उघडलं. यांच्या कामात एक बरं असतं. भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट, मधलं काही नाही. हीच रीत घेऊन ते टायर पाहायला निघाले. गाडीचे मूळ मापाचे विलायती टायर मुंबईहून मागवावे लागणार होते. त्याला दोन महिने लागले असते आणि किंमत ऐकूनच आम्ही उठलो. मग जुन्या टायरवर नवं रबर चढवून देणारा एक कारागीर भेटला. हे म्हणाले, गरम झाला की रबर सालीसारखं सुटतं. रिजेक्ट. ते मलाही पटलं. फौजेच्या लिलावातले टायर मोठ्या मापाचे, चाकावर चढेचनात. राहिले टॅक्सीला लागतात ते साधे देशी टायर. ते चाकावर बसत होते, फक्त अंगाने जरा जाड. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की मडगार्डला आतून घासायचे.

"रिजेक्ट," हे म्हणाले.

"काहून? मडगार्डची कड ठोकून आत घेता येते म्हणे."

"ऐंशीच्या गाडीला पन्नासचा टायर लावून राहिली तू."

"मी का ऐंशीनं पाटनला जाऊन राहिली? रस्त्यात म्हशी असतात."

 त्यांच्या हिशेबात टायर गाडीला शोभायला हवा होता, माझ्या हिशेबात रस्त्याला. गाडी काय करू शकत होती यावर ते बोलत होते आणि मी तिच्याकडून काय करून घेणार होते यावर मी. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे, पण ती हौस माझ्या नोकरीच्या आड आली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सरळ दुकानात गेले.

टायरवाल्याने माझ्या मागे कोणी पुरुष येतोय का ते आधी पाहिलं. मग म्हणाला, "भाभीजी, साहब ने तो मना कर दिया था."

"साहब को पाटन नहीं जाना है," मी म्हटलं.

त्याने चारही टायर चढवले, मडगार्डची कड ठोकली आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून दाखवलं. कुठे घासत नव्हतं. शिकवण्यांचे साठवलेले पैसे संपले, तरी येताना मी खुशीत होते.

संध्याकाळी हे आले. ओरडतील म्हणून मी तयारीतच होते. ते गाडीभोवती फिरले, उकिडवे बसले, एकेका टायरवर तळहात फिरवला. निकाल मात्र लागेना.

"काय झालं? करा ना रिजेक्ट," मी म्हटलं.

"फॅक्टरीतला माल मी पास करतो, तो कुठं जातो, फुटतो का चालतो, मला कधी कळत नाही," ते म्हणाले. ते अजून खालीच बसले होते. "हा फुटला तर मात्र मला घरबसल्या कळंल."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस हा माणूस गाडीच्या रुबाबासाठी अडून बसलाय असं मी धरून चालले होते. त्यांना माझीच काळजी वाटत होती, आणि ती सांगायला त्यांच्याकडे पास आणि रिजेक्ट एवढे दोनच शब्द होते. मला त्यांची दया आली आणि फार बरंही वाटलं.

"चाळीसच्या वर नेणार नाही मी," मी म्हटलं.

"पस्तीस," ते म्हणाले.

पस्तीसनेही पहिली घंटा गाठता येत होती, म्हणून मी हो म्हटलं.