नाकासमोर चालणारा

गल्लीत त्याला सगळे होहो म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. तीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात लोखंडी पत्र्यांवर घण मारून डावा कान पार गेलेला, उजवा जेमतेम. त्यामुळे समोरचा काय म्हणतोय हे कळायच्या आधीच हा मान डोलावून "हो हो" म्हणून मोकळा व्हायचा. "काका, सायकल नेऊ का तुमची?" हो हो. "काका, गाढव आहात का हो तुम्ही?" हो हो. मग कट्ट्यावरची टवाळ मंडळी पोट धरून हसायची, आणि हाही त्यांच्यात हसून घ्यायचा.

बहिरेपण मात्र त्याने जिवापाड लपवलं होतं. बहिऱ्याला घणावर ठेवत नाहीत. क्रेनचा भोंगा ऐकू आला नाही, तर माणूस सरळ पत्र्याखाली. दरवर्षीच्या तपासणीत तो डॉक्टरच्या भुवया बघून पास व्हायचा. गुपित फक्त बायकोला ठाऊक. रस्त्याने ती कायम त्याच्या उजव्या हाताला चालायची. लोकांना वाटे, या वयातही काय हे प्रेम!

लपवायची गरज नव्हती अशी एकच जागा होती: फुटबॉलचं मैदान. उत्तरेच्या पायऱ्या, खालून अकरावी, खांबाशेजारी. तिथे वीस हजार माणसं एकदम बोंबलतात आणि कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. म्हणजे सगळेच याच्या बिरादरीतले. गोल झाला की सिमेंटची पायरी थरथरायची आणि ती थरथर तळव्यातून थेट छातीत चढायची. लग्नाची तारीख एखाद्या वेळी विसरेल, पण अकरावी पायरी त्याने बावीस वर्षांत चुकवली नव्हती.

त्या शनिवारी संघ हरला आणि मैदानाबाहेर बाटल्या उडाल्या. बाटल्या फेकणारे तोंडाला रुमाल बांधून केव्हाच पसार झाले. पोलिसांनी रस्त्यावर आडवी रांग धरली आणि कर्ण्यावरून तीनदा सांगितलं, "मागे फिरा." गर्दी फिरली. होहो फिरला नाही. त्याचं घर रांगेच्या पलीकडे, आणि तो जन्मभर नाकासमोर चालत आलेला माणूस. एका हवालदाराने मागून खांद्यावर हात टाकला. होहो दचकून गर्रकन वळला, कोपर लागलं आणि हवालदाराची टोपी उडून गटारात पडली. हवालदाराचंच चुकलं असं तरी छातीठोक कसं म्हणावं? गेल्याच महिन्यात त्याच्या जोडीदाराच्या कपाळाला सात टाके पडले होते. समोरच्या गाडीच्या टपावरचा कॅमेरा मात्र निवांत चालू होता. त्यात टोपी उडताना स्वच्छ दिसत होती. कान कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

कोर्टात एका सकाळी होहोसकट अकरा जण उभे केले. न्यायाधीश खाली मान घालून कागदांशी बोलत होते, त्यामुळे ओठही दिसेनात.

"गुन्हा कबूल आहे?"

"हो हो."

"आणखी काही सांगायचंय?"

"हो हो."

सगळं कोर्ट थांबलं. होहो गोड हसला. न्यायाधीशांनी पुढची फाइल ओढली. वर्षभर नीट वागण्याची हमी लिहून घेऊन त्याला सोडलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "भली माणसं आहेत गं. काही विचारलंसुद्धा नाही."

आठवड्याने क्लबचं पत्र आलं. सामन्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना पाच वर्षं मैदानबंदी. सोबत पोलिसांचा कागद: सामन्याच्या दिवशी दुपारी बारा ते रात्री आठ खालील रस्त्यांवर किंवा तिथल्या घरांत सापडलात तर थेट अटक. बायको बोट ठेवून वाचत गेली. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"अहो, यात आपली गल्ली आहे."

"हो हो."

"हो हो काय! शनिवारी आपल्याच घरात थांबायची चोरी झालीय तुम्हाला!" हे तिने उजव्या कानाशी सांगितलं. तेव्हा कुठे तो स्टुलावर बसला.

दाद मागायची एकच संधी होती, क्लबच्या कचेरीत, स्वतः हजर राहून. जाताना ती म्हणाली, "ऐकू येत नाही म्हणून सांगायचं. घण जाईल, जाऊ दे. झाडू देतील हातात. पण आज जन्मात एकदा नाही म्हणा." त्याने शपथेवर कबूल केलं. वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं. नाही. नाही.

कचेरीत काचेच्या मागे एक तरुण बाई होती. चित्रण तिने पाहिलं होतं. माणूस वळतो कसा, हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "एका वेळी एकच," म्हणून तिने बायकोला दाराबाहेर बसवलं. मग काचेतल्या भोकाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत, मायेने विचारलं,

"काका, तुम्हाला नीट ऐकू येतं ना?"

महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला परक्या माणसाचं एक अख्खं वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ऐकू आलं. त्याचा चेहरा उजळला.

"हो!" तो म्हणाला. "अगदी स्पष्ट!"

बाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ‘ऐकू येतं’ असं लिहिलं, आणि बंदी कायम असल्याचा शिक्का मारला. दाराबाहेर शिक्क्याचा आवाज ऐकून बायको उठून उभी राहिली.

पुढच्या शनिवारी सामना होता आणि तिची इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळची पाळी होती. रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याच्या उशाशी तिने अकराचा गजर लावून ठेवला, घड्याळ उजव्या कानाशी. होहो झोपेत कुशीवर वळला. उजवा कान उशीत गेला. गजर वाजून वाजून थकला.

जाग आली तेव्हा बाराला पाच कमी होते. त्याने बायकोने भरून ठेवलेला डबा उचलला, चपला अडकवल्या आणि निघाला. उंबरा ओलांडला तेव्हा बारा वाजत होते. गल्ली संपायला तीनशे पावलं. दोन्ही बाजूंची दुकानं फळ्या लावून बंद. कट्ट्यावर मंडळी होती, पण आज कोणी हसत नव्हतं. ते त्याच्याकडे नाही, त्याच्या पाठीमागे बघत होते. मागून येणाऱ्या पोलिसी बुटांची थरथर रस्त्यातून त्याच्या तळव्यात चढत होती, पायरीवर चढायची तशीच. त्याला वाटलं, मैदान जवळ आहे, असणारच.

कट्ट्यावरचा एक जण उभा राहिला. तोंड मोठं करून काहीतरी सांगत, दोन्ही हात हलवत, त्याच्या मागे बोट दाखवू लागला.

होहोने त्याच्याकडे बघून मान डोलावली. "हो हो," म्हणाला, आणि नाकासमोर चालत राहिला.