एकेक डोळा झाकून

शाळेत डोळे तपासायला आलेल्या माणसाने माझ्या मुलीला फसवलं, आणि तिच्यामार्फत मला. त्याने भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला, पोरांना ओळीने उभं केलं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावलं. माझी मुलगी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून आली. तो म्हणाला, "नजर एक नंबर." आम्ही खूश. तिच्या डाव्या डोळ्याला तेव्हा समोरची बोटंसुद्धा मोजता येत नव्हती.

मी म्हशींचा व्यापारी आहे. आईवडील पाथर्डीकडचे, दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. मी कोयता सोडून दावं हातात घेतलं आणि आता केडगावात स्वतःच्या घरात राहतो. जनावर पारखताना मला आजवर कुणी गंडवलेलं नाही. म्हैस घेताना आम्ही तिचा एक डोळा तळहाताने झाकतो आणि दुसऱ्यापुढे हात हलवतो. पापणी लवली की डोळा चांगला. मग दुसरी बाजू. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर अधू डोळा कळतच नाही, कारण चांगला डोळा सगळं निभावून नेतो. बाजारात नवीन आलेल्यालाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

एका रविवारी नवी म्हैस घरी आणली होती. मुलगी तेव्हा चौथीत. मी म्हशीचे डोळे परत एकदा बघत होतो, तर ही शेजारी येऊन उभी राहिली.

"पप्पा, आता माझे तपासा. मी म्हैस."

मी तिचा डावा डोळा झाकला, हात हलवला. तिने पापणी लववली आणि वर रेकून दाखवलं. मग उजवा झाकला आणि बोटं धरली.

"किती?"

"हात काढा ना. दिसत न्हाई."

"दिसत न्हाई म्हणजे?"

"बोटं हायती, पण किती ते कळत न्हाई."

मला वाटलं चेष्टा करते. आवाज चढवून परत विचारलं, तर ती रडायला लागली. बायको बाहेर आली, काय झालं ते तिने ऐकलं आणि म्हणाली, "अहो, जिल्ह्यातल्या सगळ्या म्हशींचे डोळे झाकून बघितले. पोरीचा एकदा बघायचा होता."

"पोरगी मी बाजारातून आणली काय?" मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने गाडी काढली.

नगरच्या डॉक्टर मॅडमनी नीट तपासलं आणि सांगितलं, "डोळा आंधळा नाही, आळशी आहे. त्याला नंबर जास्त, म्हणून लहानपणापासून त्याचं चित्र पुसट. मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलंय."

म्हणजे भागीदारीतला प्रकार. एकटा राबतो, दुसरा गादीवर बसून असतो आणि गिऱ्हाईक त्याला विचारतही नाही. हे मला लगेच समजलं.

"आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी," मॅडम म्हणाल्या.

"एक तास करा."

"दादा, इथे भाव होत नाही."

"मग चार करा. लवकर मिटवून टाकू."

"तेही होत नाही."

पट्टीने थोडा फरक पडला आणि मग गाडी अडली. मुलगी पट्टीची नाकाकडची कड हळूच उचलून चांगल्या डोळ्याने बघायची. मी ओरडलो की म्हणायची, "घाम आला हुता." माझीच लेक, सबब तयार असायची.

मग मॅडमनी नवा उपाय काढला. एक काच लाल आणि एक हिरवी असा चष्मा घालून टॅबवर रोज थोडा वेळ खेळ खेळायचा. मी तिथेच भडकलो. "मोबाईलने पोरांचे डोळे जातात म्हणून सगळे बोंबलतात, आणि तुम्ही खेळवा म्हणता?"

त्यांनी तो चष्मा माझ्याच डोळ्यांवर चढवला. वरून ठोकळे पडत होते, खाली ते झेलायला टोपली होती. "आता एक डोळा मिटा," त्या म्हणाल्या. मिटला, तर टोपली गायब. दुसरा मिटला, तर ठोकळे गायब. चांगल्या डोळ्याला टोपली फिकी दाखवतात आणि आळशी डोळ्याला ठोकळे ठळक. दोघांनी मिळून बघितलं तरच खेळ जमतो. चोरीला जागाच नाही. मला हा व्यवहार एकदम पसंत पडला.

"गॅरंटी काय?" मी विचारलं.

"गॅरंटी नाही. काही मुलांना चांगला फायदा होतो, काहींना थोडाच."

"आमच्यात दूध दिलं नाही तर म्हैस परत घेतात, मॅडम."

"मुलगी मी परत घेणार नाही, दादा," त्या म्हणाल्या, आणि मुलगी खो खो हसली.

खेळ सुरू झाला. मला दम निघेना, म्हणून रोज संध्याकाळी मी तिचा उजवा डोळा झाकून बोटं धरायचो. काही दिवसांतच ती बरोबर सांगायला लागली. तीन, पाच, दोन, एकही चूक नाही. मी बाजारात पेढे वाटले. ज्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं त्यांनाही दिले.

पुढच्या वेळी मॅडमनी तक्त्यापुढे उभं केलं, तर डाव्या डोळ्याने पहिल्यापेक्षा जेमतेम एकच ओळ जास्त वाचली. मी मॅडमशी भांडायला उठलो. "घरी सगळी बोटं मोजते ही." मॅडम म्हणाल्या, "दाखवा बघू कशी."

मी डोळा झाकला, बोटं धरली. मुलीने सवयीने माझा हात हातात घेतला आणि बोटांवरून अंगठा फिरवला. बाजारात आम्ही टॉवेलखाली एकमेकांची बोटं चाचपून भाव ठरवतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. सुट्टीत माझ्याबरोबर येऊन ती हे शिकली होती. मला वाटायचं, पोर लाडाने हात धरते.

"कशाला फसवलंस?"

"तुमी रोज लई काळजीनं बघायचे, पप्पा."

गाडीत बसल्यावर मला जे हसू फुटलं ते केडगाव येईपर्यंत थांबेना.

त्यानंतर मी हात मागे बांधून ठेवले. चष्मा, पट्टी आणि खेळ, सगळं चालू राहिलं. मॅडम म्हणायच्या, अजून वेळ लागेल. मग एकदा त्यांनी तिला वेगळा चष्मा घालून माशीचं मोठं चित्र पुढे ठेवलं. "पंख चिमटीत धर." पहिल्या तपासणीत हेच चित्र दाखवलं तेव्हा तिने बोट सरळ कागदावर टेकवलं होतं. या वेळी तिची चिमूट कागदाच्या वर, हवेतच मिटली. "ई, ही तर वर आलीय," असं म्हणून तिने हात झटकला. दोन डोळे एकत्र बघतात तेव्हाच तो पंख वर उचललेला दिसतो. आळशी भागीदार कामावर आला होता. बरोबर आलेल्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मी मॅडमना म्हणालो, आता तरी खेळाचा वेळ कमी करा. नाही म्हणाल्या.

तक्त्यावरच्या काही ओळी अजून बाकी आहेत, त्याही येतील. पण तो तपासणीवाला यंदाही शाळेत यायचा आहे, आणि मी फाटकाशी उभा राहणार आहे. म्हशीचासुद्धा एकेक डोळा झाकून बघतात. माझ्या मुलीचा का झाकला नाहीस, आणि तिच्या मागे ओळीत उभ्या असलेल्या पोरांचा झाकला होतास का, याचं उत्तर मला त्याच्या तोंडून, सगळ्या आईबापांसमोर हवं आहे.