सव्वीस वर्षं न पडलेली चमकी

लाँड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणत, आणि नव्याने कामावर आलेल्या माणसाला ते नाव ऐकून उगाच धडकी भरे. खरं तर ती मोठ्या आवाजात बोललेली कुणी ऐकली नव्हती. नाव पडलं होतं तिच्या इस्त्रीवरून. हॉटेलांच्या चादरी, वेटरांचे कोट, दवाखान्यांतले पांढरे डगले, काहीही तिच्या टेबलावर आलं की पुठ्ठ्यासारखं ताठ होऊनच उतरायचं. एकतीस वर्षं ती खिडकीपासूनच्या तिसऱ्या टेबलाशी उभी होती. वाफेमुळे तिथे बारा महिने घाम फुटायचा, आणि दर दोन चादरींनंतर ती चेहरा पुसायची. उजवं मनगट डाव्या गालाला लावायचं, नाकावरून ओढत उजव्या कानाशी न्यायचं, की पुढची चादर.

तिचा नवरा टर्नर. एका वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंडाचे तुकडे कातण्यात त्याचा जन्म गेला. मापात केसाइतकी चूक त्याला खपत नसे, आणि बोलण्याच्या बाबतीत त्याला बोलणंच खपत नसे. सकाळी सातला जायचा, संध्याकाळी सहाला यायचा, ताटात पडेल ते जेवायचा. छान झालंय नाही, की मीठ जास्त झालंय नाही. बायकोने केस कापले, चष्मा बदलला, तरी या गृहस्थाच्या लक्षात येईल तर शपथ. कडकबाई मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे मी भिंतीला रंग लावला काय नि तोंडाला लावला काय, सारखंच." सांगायची हसत हसत, पण ते तिला मनातून लागलेलं असायचं.

तिच्या नाकात डाव्या बाजूला एक चमकी होती. बाहेर बारीक पांढरा खडा, त्याच्या मागे काडी, आणि नाकाच्या आत काडीवर बसणारी फिरकी. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिच्या दोन चमक्या हरवल्या होत्या. एक चादरींच्या ढिगात पडली, तेव्हा अख्खी पाळी तिने चादरी झटकण्यात घालवली. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसरी आणली तेव्हा टर्नरने ती मागून घेतली आणि दोन दिवस वर्कशॉपमध्ये ठेवली. खडा आणि त्याचं कोंदण तेच ठेवून काडी आणि फिरकी त्याने स्टीलची, आपल्या हाताने कातून बसवली. काडेपेटीत घालून घरी आणली, तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "आता पडणार नाही." एवढंच, भाषण संपलं. आणि खरोखरच सव्वीस वर्षं ती पडली नाही. ती काढावी असंही कधी कडकबाईच्या मनात आलं नाही.

यंदा मात्र तिच्या एका कानात शिट्टी वाजायला लागली. आधी तिला वाटलं बॉयलरची असेल, पण ती सुट्टीच्या दिवशी घरीही वाजायची. मग तोल जाऊ लागला. एकदा टेबलाशी पायाखालची जमीन सरकल्यासारखी झाली आणि आधाराला टेकलेला हात थेट इस्त्रीवर पडला. नवऱ्याने पट्टीकडे पाहिलं तेव्हा तिने वाफ लागली म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढायला सांगितला. तारीख मिळाली मंगळवारची, सकाळी नऊची. फोनवरच्या मुलीने बजावून सांगितलं की अंगावर धातूचा कणही नको, आणि डोक्याजवळ स्टील तर मुळीच नको. असलं तर परत पाठवणार, आणि पुढची तारीख थेट दीड महिन्याने मिळणार.

दीड महिना थांबायला डॉक्टर तयार नव्हते. आणि टर्नरला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ते तिने मुद्दामच लपवून ठेवलं होतं. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा टर्नर अकरा दिवस धड जेवला नव्हता. रडला नाही, बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचा. डोक्यात काय निघेल याची कडकबाईला भीती होतीच, पण त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीची भीती जास्त होती. म्हणून तिने बेत केला. सोमवारी, लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, चमकी काढायची. मंगळवारी तो सातला कामावर गेला की आपण तपासणीला जायचं आणि दुपारी घरी येऊन चमकी परत घालायची. मधल्या वेळात खडा नाकात नाही हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं, कारण खडा नाकात आहे हेही त्याला कधी दिसलं असेल असं तिला वाटत नव्हतं.

या कटात तिने एकाच माणसाला सामील करून घेतलं, ते म्हणजे वन्संना. टर्नरची ही थोरली बहीण चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होती आणि आता निवृत्त होऊन समोरच्याच इमारतीत राहत होती. अडकलेले दागिने काढण्यात त्यांचा हातखंडा होता. कानात रुतलेली कुडी, सुजलेल्या बोटातली अंगठी, कॉलेजातल्या पोरींच्या भुवईतल्या कड्या, एकदा तर व्यायामशाळेतल्या एका धिप्पाड गड्याच्या बेंबीतली बाळी, आणि तो गडी खुर्चीचे हात धरून डोळे मिटून बसला होता. वन्संकडून कुणी रडत परत गेलं नव्हतं. "माझ्याच भावाला फसवायला मलाच हाताशी धरतेस," असं म्हणून त्यांनी डोळे वटारले, पण सोमवारी दुपारी तीनला पिशवी घेऊन हजर झाल्या.

आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर पांढरा टॉवेल, म्हणजे काही पडलं तर दिसेल. बेसिनच्या जाळीवर ओलं फडकं, म्हणजे धुताना काही निसटलं तर मोरीत जायचं नाही. मग कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, आणि कडकबाईलाही धुवायला लावले. आधी त्यांनी नाक नीट पाहिलं. लाल नाही, सूज नाही, पू नाही. असतं तर हात लावला नसता, सरळ डॉक्टरकडे नेलं असतं, कारण पिकलेल्या भोकातली काडी काढली की वरून भोक मिटतं आणि घाण आत अडकते. हे त्या दरवेळी दरएकाला ऐकवायच्या, आणि समोरचा ऐकून घ्यायचा, कारण त्याचं नाक त्यांच्या हातात असायचं.

उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्यांनी त्यात कापूस भिजवला आणि पाच मिनिटं आतून बाहेरून धरून ठेवला. सव्वीस वर्षांचा मळ सुटला. नंतर सगळं कोरडं केलं, हातमोजे चढवले, आत फिरकी दोन बोटांत पकडली आणि बाहेरून खडा डावीकडे फिरवला. कुठलाही स्क्रू सुटतो तसा.

खडा हलला नाही. वन्सं म्हणाल्या, होतं असं. पुन्हा पाण्याचा कापूस, पुन्हा कोरडं करणं. या खेपेला काडीला साबणाचा थेंब लावला. खडा किंचित फिरला आणि दोघींचा जीव भांड्यात पडला, पण लगेच तो आणखीच घट्ट बसला. कडकबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडू नव्हतं ते, नाकाला झोंबलं होतं. वन्संनी हात काढून घेतला. त्यांचा एक नियम होता, दोन वेळा प्रयत्न करायचा, तिसऱ्यांदा नाही, आणि ओढायचं तर कधीच नाही. चौतीस वर्षांत तो त्यांनी मोडला नव्हता, तो भावजयीसाठी कुठून मोडणार. नाकपुडी लाल झाली होती.

कडकबाई म्हणाली, आपण दवाखान्यात जाऊन काडी कापून घेऊ. वन्संनी समजावलं की कापता येईल, पण त्यासाठी आत कटर घालावा लागतो, आणि चिडलेल्या नाकात आज कुणी घाई करणार नाही, उद्या या म्हणतील. उद्या नऊची वेळ जाईल. थंड पाण्याची पट्टी त्यांनी तिच्या नाकावर ठेवली.

मग म्हणाल्या, "अगं, ही ज्याने बनवलीय त्यालाच विचारावं लागेल."

"नको, वन्सं."

"मग दीड महिना थांबतेस?"

कडकबाई टॉवेलचं टोक घडी घालत आणि उलगडत बसली. लाँड्रीत तिच्या हाताखालून कापड एकदाच जायचं, इथे तिने त्या टोकाला वीस घड्या घातल्या असतील.

सहा वाजून दहा मिनिटांनी टर्नर आला. टेबलावर कापूस, वाटी, हातमोजे, भर उन्हाळ्यातल्या उजेडात लावलेला दिवा, बहीण आणि लाल नाकाची बायको. असलं काही पाहिल्यावर कुणीही काय झालं म्हणून विचारलं असतं. हा दारातच डबा हातात धरून उभा राहिला. वन्सं सांगायला तोंड उघडणार तोच कडकबाईने त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. कानातली शिट्टी, तोल, भाजलेला हात, डॉक्टर, उद्याची तपासणी. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती, कारण तो कुठे वळून बसणार हे तिला ठाऊक होतं.

टर्नर भिंतीकडे वळला नाही. त्याने डबा खाली ठेवला आणि विचारलं, "कुठल्या बाजूला फिरवलंत?"

"डावीकडे," वन्सं म्हणाल्या. "स्क्रू सुटतो त्याच बाजूला."

"मग आवळलीत तुम्ही. तिचे आटे उलटे आहेत. उजवीकडे सुटते."

वन्संचं तोंड बघण्यासारखं झालं. अख्ख्या इमारतीच्या नाकाकानांवर राज्य केलेल्या बाईने दुपारभर चमकी काढायच्या ऐवजी घट्ट केली होती. भाऊ पुढे झाला तसा त्यांनी सगळा राग त्याच्यावर काढून त्याला बेसिनपाशी पिटाळलं. नखांतलं लेथचं काळं तेल जाईपर्यंत ब्रशने तीनदा हात धुवायला लावले, तिसऱ्यांदा नखं स्वतः तपासली, आणि मगच हातमोजे दिले. आणखी पाऊण तास थंड पट्टी ठेवल्यावर नाक निवळलं. वन्संनी एकदाच, आणि आता दिशा ठाऊक आहे म्हणूनच, परवानगी दिली. आतली फिरकी त्यांनी धरली. टर्नरने खडा दोन बोटांत घेतला आणि उजवीकडे वळवला. आधी काही नाही, मग एक बारीकसा टिच आवाज झाला आणि खडा फिरू लागला. फिरकी वन्संच्या बोटांत आली, चमकी टर्नरच्या. रक्ताचा थेंबही आला नाही.

जागेवर कापूस दाबत वन्संनी त्याला फैलावर घेतलं. उलटे आटे पाडायची काय गरज होती, आणि पाडले तर सव्वीस वर्षांत सांगता आलं नाही का? टर्नर म्हणाला, कुणी विचारलं नाही. हे उत्तर त्याच्या तोंडून येणार हे दोघींनाही माहीत होतं. पण वन्सं सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. का पाडले, तेवढं सांग म्हणाल्या.

टर्नरने मान खाली घातली. सांगण्याऐवजी त्याने उजवा हात उचलला. मनगट डाव्या गालाला लावलं, नाकावरून ओढत उजव्या कानाशी नेलं.

"ही तोंड पुसते ना, अशी. नेहमी अशीच. त्याने खडा जरा जरा डावीकडे फिरतो. साधे आटे असले की सुटत जातो. म्हणून उलटे पाडले. आता पुसलं की बसतो."

कडकबाई त्याच्याकडे बघतच राहिली. आपण चेहरा कसा पुसतो हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. एकतीस वर्षं शेजारच्या टेबलावर उभ्या असलेल्या बायकांनीही ते कधी सांगितलं नव्हतं. आणि लाँड्रीत तर तो आयुष्यात दोनदाच आला होता, तोही दारापर्यंत.

"मला वाटायचं, तुम्हाला काही दिसतच नाही," ती म्हणाली.

"दिसतं की," टर्नर म्हणाला, आणि चमकी व फिरकी कापसात गुंडाळून ठेवायला रिकामी काडेपेटी शोधू लागला.

त्या संध्याकाळी तो जेवला. सावकाश जेवला, पण पूर्ण जेवला. भाजलेल्या हाताची पट्टी त्याने स्वतः बदलली आणि ही जखम वाफेची नाही हे त्याच दिवशी कळलं होतं, असं सांगितलं. मग का नाही विचारलंत, असं ती म्हणाली. तो म्हणाला, तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील असं वाटलं. दोघांनीही आपापल्या परीने एकमेकांना जपलं होतं आणि त्या जपण्यात महिनाभर दोघंही एकटी पडली होती. आता त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. जेवण झाल्यावर त्याने वर्कशॉपच्या मुकादमाला फोन केला. उद्या येणार नाही म्हणाला. मुकादमाला ते खरं वाटेना, त्याने दोनदा विचारलं.

मंगळवारी फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीने विचारलं, सोबत कोण आलंय. कडकबाईने मागे बघून सांगितलं, "हे आलेत."

यंत्र तासभर ठोकल्यासारखं वाजत राहिलं. अहवाल तीन दिवसांनी मिळणार होता. बाहेर आली तेव्हा ती घामाने भिजली होती. टर्नर बाकावरून उठला. चमकी ठेवलेल्या खिशावर हात ठेवूनच तो तासभर बसला असावा, कारण तिथलं कापड चुरगळलं होतं. ते आधी तिच्या डोळ्यांत भरलं, सवयच ती. तिने मनगट डाव्या गालाला लावलं आणि मध्येच थांबली. नवरा बघत होता. ती जरा लाजली. मग तिने नेहमीसारखं नाकावरून कानापर्यंत पुसून घेतलं आणि म्हणाली, "घरी जाऊन हात धुवा आधी. मग घाला."

"धुतलेत," टर्नर म्हणाला, आणि दोन्ही हात पालथे करून त्याने तिला नखं दाखवली.