जाळीच्या शेपटीचं हेलिकॉप्टर

सुरतेजवळच्या कोसाडमधल्या आमच्या गच्चीवरून पुराच्या दिवशी दिसलेलं हेलिकॉप्टर मी बरोबर ओळखलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझी ओळखण्यात चूक झाली असं सगळे समजले, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि तापी आमच्या वसाहतीत शिरली. तळमजले बुडाले, सगळी बिल्डिंग गच्चीवर. बहुतेक घरं लूमवर काम करणाऱ्या खानदेशी लोकांची. मी एका डाईंग मिलच्या ऑफिसात कारकून. कॉलेजात असताना एनसीसीत हवाई कॅडेट होतो. विमानांच्या काळ्या आकृत्या दाखवून आमची परीक्षा घ्यायचे. तेवढ्या भांडवलावर मी सुरतेत रुबाब करायचो. हजीऱ्याच्या कारखान्यांकडे काहीही उडत गेलं की नाव सांगून मोकळा. शेजारचा लूम कारागीर चिडवायचा, "भाऊ, शेपूट पाहीसन सांग, नर शे का मादी?"

त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण होतं, दिवस भरलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, तिला न्यायला भाऊ यायचा होता. पाणी आधी आलं. राखीलाही तो येऊ शकला नव्हता म्हणून तिनं ती मला बांधली होती. आता गच्चीवर, ताडपत्रीखाली तिला कळा सुरू झाल्या होत्या.

दुपारी मच्छीमारांची एक होडी जिन्याशी लागली. आत आधीच दाटी होती. होडीवाला ओरडला, "बे जणनी जग्या छे! जल्दी करो!" ती दोन माणसं कोण, हे विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पण प्रवाहाला ओढ होती, होडी डुलत होती, आणि तिचा नवरा बिचकला. तेवढ्यात नदीच्या बाजूनं पंख्याचा आवाज आला.

तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुले त्यातलं समजस. हाई उतरी का? का होडीमा बसाडू तिले?"

मी वर पाहिलं. पुढे काचेचा फुगा. खाली चाकं नाहीत, पायांच्या जागी दोन आडव्या नळ्या. आणि शेपटी उघडी, विजेच्या टॉवरसारखी, जाळीतून आभाळ आरपार दिसत होतं. चीता. लहान जातीचं. चेतक असतं तर खाली तीन चाकं दिसली असती, शेपटी पत्र्यानं मढवलेली असती. चेतकमध्ये स्ट्रेचर मावतं, दोरानं माणूस वर घ्यायची सोय असते; चीत्यात यातलं काहीच नाही. हे सगळं मला एका नजरेत कळलं. मग मी मान खाली घेतली. होडीपाशी माझी बायको उभी होती, कडेवर आमची मुलगी. मुलीला काहीही झालेलं नव्हतं. धडधाकट होती, बिस्कीट मागत होती.

"चेतक आहे," मी म्हणालो. "दोरानं वर घेतात. पेशंटसाठीच असतं ते. हलवू नका तिला, पुन्हा येईल."

माझा आवाज कापलासुद्धा नाही. इतकी वर्षं झाली, तरी त्याचाच धक्का मोठा आहे. मी कसला विचार केला नव्हता, काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते अगदी माहीतगारासारखं निघालं. तिनं ताडपत्रीखालून माझ्याकडे पाहून मान हलवली. भावानं सांगितलं ना, मग झालं, अशी.

"मग वहिनीले जाऊ द्या," तिचा नवराच म्हणाला. माझ्या बायकोला आणि मुलीला हात धरून त्यानं होडीत बसवलं.

हेलिकॉप्टरनं एक वळसा घेतला, खाण्याची पाकिटं टाकली, आणि ते गेलं. बायका हातातली लुगडी हलवत राहिल्या. मग आवाजही गेला. सगळी गच्ची माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "येईल." दुसरी होडी त्या दिवशी आली नाही. संध्याकाळच्या आत गच्चीवरच्या म्हाताऱ्या बायकांनी तिला मोकळी केली. मुलगा होता. त्यांनी त्याला उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही. मी पाण्याकडे तोंड करून उभा होतो आणि मला एकच गोष्ट ऐकू येत होती: ताडपत्री फडफडत होती.

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्या दारात गेलो. सांगायलाच गेलो होतो. त्यानंच मला बसवलं, चहा ठेवायला सांगितला. म्हणाला, "तुना काय दोस, भाऊ? लांबून दिसस का काही? इमानवालाले दयाच नही उनी." ती आतून कप घेऊन आली. मी चहा प्यालो. ओळखायला चूक झाली, असं पुटपुटलो, आणि तेच खरं होऊन बसलं. पुढच्या वर्षी तिनं मला पुन्हा राखी बांधली. मी हात पुढे केला.

ती दोघं आता सुरतेबाहेर, चलथाणकडे राहतात. मूल पुढे झालं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला आली होती. त्यानं मांडवात वाढप केलं, तिनं मुलीची ओटी भरली.

होडीतली जागा तिची होती आणि मी ती जाणूनबुजून घेतली, हे त्या दोघांना समोर बसून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.