होडी कुठल्या अंगाला गेली

आठवीत शाळा सुटली, मग परभणीकडून इकडे आलो. कंपनीतलं काम गेलं तेव्हा सरावलीतल्या खोलीशेजारच्या सरांनी मला हाताशी घेतलं. सर जुन्या सिनेमांचा इतिहास लिहितात. डोळे अधू, म्हणून मी त्यांना गाडीवरून नेतो, लोकांचं बोलणं मोबाइलवर टिपतो आणि घरी ऐकून कागदावर उतरवतो. त्यांचे उपकार आहेतच. पण आपल्या हातून काही चुकलं तर ते छापून येईल, ही धास्ती कायम.

घिवलीच्या किनाऱ्यावर पूर्वी एक सिनेमा काढला होता आणि मग गावातच पडदा लावून दाखवला होता. त्याची रिळं आता कुठेच नाहीत. शेवटी नायिका होडीत बसते, एवढं नक्की. ती माहेरी डहाणूकडे गेली की नवऱ्याकडे मुंबईला, यावर सरांचं शेवटचं प्रकरण अडलेलं.

मी उतरवलेल्या कागदांत निम्मी माणसं डहाणू म्हणत होती, निम्मी मुंबई. मला वाटलं, मीच घोळ घातला. सगळं पुन्हा ऐकलं. घोळ तसाच.

म्हणून आम्ही परत घिवलीला गेलो. एक म्हातारी अंगणात बोंबील वाळत घालत होती, नवरा जाळं विणत होता.

"मुंबईलाच गेली ती," म्हातारी म्हणाली. "होडी डाव्या हाताला गेली. समुद्राकडं तोंड केलं की डाव्या हाताला मुंबयच की!"

"उजव्या!" म्हातारा म्हणाला. "डहानूला. हिला डावा-उजवा कळत नाय."

"तुला कळतो? आयुष्यभर चपला उलट्या घातल्यास!"

सर हसले. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही बसायच्या कुठे, आजी?"

"पडद्यामागं. बाया समद्या मागंच. पडदा पान्यानं भिजवायचे ना, मग दोनी बाजूंनी दिसायचं."

सरांनी माझा खांदा घट्ट धरला. मला काही कळेना. मागून बघितलं तर डावं ते उजवं दिसतं, हे त्यांनी हात फिरवून दाखवलं तेव्हा कुठे उजेड पडला. म्हणजे डहाणू! मुंबई म्हणणाऱ्यांनी मागून बघितलं होतं; माझे कागद बरोबर होते. जीव भांड्यात पडला.

"कसली मागं?" म्हातारा जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला. "तवा तू फराकात व्हतीस. पोरीसोरी पुढंच बसायच्या."

म्हातारीचा हात थांबला. "असंल बी. पन तू रं? तू तरी कुठं पुढं व्हतास? तिकीट चुकवून मागून घुसायचास, मागंच बसायचास."

"कदी कदी."

"शेवटी पडद्यावर आलेली अक्षरं आठवतात? सरळ होती का उलटी?" सरांनी काकुळतीनं विचारलं.

"आमाला कुठं वाचता येत व्हतं, सायबा?"

परतताना सरांनी किनाऱ्यावर गाडी थांबवायला सांगितली. म्हणाले, "दोन्ही लिही. कोण कुठं बसलं होतं तेही लिही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मला भरून आलं. एक होडी चालली होती. आमच्याकडे समुद्र नाही. पाण्यासमोर उभं राहिलं की मला दिशाच कळत नाहीत. सरांनी विचारलं, "कुठं चाललीय रे?"

मी आधी डावा हात वर केला, मग उजवा.